सासऱ्यांना दाखवलेला पनवेल तालुका

सासूबाई गेल्यानंतर सासऱ्यांना आम्ही आमच्याकडे, नवीन पनवेलला घेऊन आलो. कृष्णाकाठच्या एका तालुक्यात त्यांनी महसूल खात्यात सगळी नोकरी केलेली. पोहे आवडले नाहीत तर माणूस न बोलता खातो. आमचं गाव आवडलं नाही हे मात्र ते रोज बोलून दाखवत.

"तालुक्याचं गाव म्हणतेस, मग नदी कुठाय?" एके दिवशी चहा पिताना त्यांनी मला विचारलं.

मी जन्माने पनवेलची. मला ते लागलंच. "अहो बाबा, आहे की. गाढी नदी. रविवारी सगळा तालुकाच दाखवते तुम्हाला."

जानेवारीतल्या त्या रविवारी नवऱ्याने गाडी काढली. सासरे पुढे बसले, मी मागे बसून माहिती द्यायला लागले. पुलावर गाडी हळू केली, तेव्हा नदी पाण्यापेक्षा जलपर्णीने जास्त भरलेली होती.

"ही?" सासरे म्हणाले. "मला वाटलं, नदी पुढे असेल."

नवरा हसला. घरी गेल्यावर त्याच्याशी काय ते बघून घ्यायचं मी ठरवलं.

मग मी विषय मोठा केला. एका बाजूला कळंबोलीतले ट्रक नि लोखंड, तळोज्याचे कारखाने, खारघरचे उंच मनोरे. दुसऱ्या बाजूला कर्नाळ्याचा सुळका, पक्षी, भातशेती. एवढं सगळं एका तालुक्यात! "आणि जिल्ह्याचं ठिकाण?" त्यांनी विचारलं. अलिबाग, मी म्हणाले. "कामाला जाता मुंबईला, राहता नव्या मुंबईसारखं, आणि जिल्हा अलिबाग. तुमच्या तालुक्याला एकदा नीट विचारा, तू नक्की कोणाचा म्हणून."

उलव्याच्या बाजूला विमानतळ दाखवला. त्याच्यासाठी डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, हे मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"म्हणजे नदीचीसुद्धा बदली केली?" महसूल खात्यातला माणूस मनापासून हळहळला.

पुढे रस्ता रुंद होता आणि मी रंगात आले होते. कंटेनरच्या चळती, गोदामं, बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगा. "हेसुद्धा आपलंच," मी म्हणत होते. द्रोणागिरीला रस्त्याकडेला एक कोळीण मासळी घेऊन बसली होती. सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली आणि काच खाली करून विचारलं, "मावशी, हा पनवेल तालुकाच ना?"

"नाय बाबा, यो उरण हाय. पनवेल मागंच रायला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुमी नवीन हाव काय हिकडं?"

सासरे नुसते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मी उगाचच बोंबील घेतले.

जेवून आम्ही उलट्या दिशेला, नेरे गावाकडे निघालो. फार्महाऊसच्या पाट्या संपल्या, डोंगर जवळ आला आणि एका वळणावर खाली नदी दिसली. तीच गाढी; पण इथे ती माथेरानच्या डोंगरातून नुकतीच उतरलेली, गोट्यांवरून वाहणारी, तळ दिसेल इतकी नितळ होती. सासरे स्वतःहून उतरले. चपला काठावर ठेवल्या, धोतर वर घेतलं आणि पाण्यात गेले.

दोन पावलांवर त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि ते सरळ पाण्यात बसले. आम्ही दोघं ओरडत धावलो. पलीकडे गोधड्या धुणारी एक बाई उठून उभी राहिली. त्यांना काही लागलं नाही, हे तिने आमच्याआधी पाहिलं असावं.

"नदी आवडली वाटतं बाबा तुमाला," ती म्हणाली. "लगेच बसलाव!"

आणि सासरे हसायला लागले. पोटापर्यंत पाण्यात बसून, खोकला येईपर्यंत हसले. सासूबाई गेल्यापासून आम्ही ते हसणं ऐकलंच नव्हतं. नवऱ्याने त्यांना उठवायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "तुझी आई असती ना, तर हेच बोलली असती," ते त्याला म्हणाले.

त्या बाईने आम्हाला घरी नेलं. आपल्या नवऱ्याची धुतलेली लुंगी तिने सासऱ्यांना दिली, चहा केला. ओटीवर ती लुंगी नेसून बसलेल्या सासऱ्यांनी तिला विचारायला सुरुवात केली: वरच्या अंगाला वाड्या किती, भात कुठलं लावता, पुराचं पाणी कुठवर येतं. मी दिवसभर जी माहिती देत होते, तिच्यातलं एक अक्षरही त्यांनी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात लुंगी धुऊन, इस्त्री करून ते एकटेच बसने नेऱ्याला गेले. संध्याकाळी पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन परतले. मला काही न विचारता खाली पेपर अंथरला आणि निवडायला बसले. शेंगा भांबुर्डीच्या रानपाल्यासकट मडक्यात भरून, जाळात भाजून पोपटी लावतात, हे जन्माने पनवेलच्या असलेल्या मला त्यांनी सविस्तर समजावून सांगितलं. मी मान डोलावत ऐकून घेतलं.