धोंडिरामची मगर

जोगेश्वरीच्या एका सॉ मिलमध्ये धोंडिराम ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे हं. परदेशातल्या बंगलेवाल्यांनी बागेतलं गवत कापायला घ्यावा, तेवढासा. म्हशीपेक्षा बुटका. मालकाला तो गोदीच्या लिलावात मिळाला तेव्हाच म्हातारा झालेला. त्याच्याबरोबर एक लोखंडी धोंड फुकट आली. रुंद जबडा, आत गरगर फिरणारं दातेरी मळसूत्र, डोक्यावर वाकडं धुराडं. गोदीतला कारकून म्हणाला, हे बर्फ उडवायचं यंत्र. मिलमधली माणसं पोट धरधरून हसली. जोगेश्वरीत बर्फ दिसायचा तो गोळेवाल्याकडे, नाहीतर मासळीच्या पाटीत!

धोंडिराम तेवढा हसला नाही. यंत्राभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "बर्फ उडवतंय, तर भुसा का नाही उडवणार?"

आणि उडवला की! चार माणसं दिवसभर घमेल्यांनी वाहायची तो करवतीखालचा ढीग तासाभरात कुंपणापाशीच्या खड्ड्यात. त्या दिवसापासून यंत्राचं नाव पडलं मगर आणि धोंडिरामचं ड्रायव्हरसाहेब.

हे नाव त्याला फार लाडकं. खटावकडच्या त्याच्या गावात त्याच्या बापाला धड नावानंही कुणी हाक मारली नव्हती. छप्पन साली बौद्ध झाल्यावर वर्षभरातच धोंडिराम मुंबईला आला. इथं सीटवर बसायच्या आधी तो दुमडलेल्या बाह्या खाली करून बटणं लावायचा. भुशात काम करायचं, पण बटणं लावून!

अडचण एकच. मगर साडेतीन मणांची. आठवडाभर ट्रॅक्टर ओंडके ओढायचा आणि शनिवारी मगर त्याच्या तोंडाला चढवायची. धोंडिराम आणि त्याचा जोडीदार अंबादास दोन्हीकडून वाकायचे, दात-ओठ खाऊन तिला हातभर उचलायचे आणि तसंच धरून पिना ठोकायचे. दहा वर्षं असं चाललं. अडुसष्टच्या थंडीत धोंडिरामची कंबर बोलायला लागली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोचं जुनं लुगडं फाडून शर्टाखाली घट्ट बांधलं. पण एका शनिवारी मगर हातातून निसटली आणि अंबादासचा पाय थोडक्यात वाचला.

मॅनेजर चंद्रप्रकाशनं ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. जवळ येऊन म्हणाला, "धोंडिराम, कुणाचा पाय जाईल यार. पुढच्या शनिवारी नीट चढली नाही, तर चावी त्या पोरसवदा नंदूला दे. तू गेटवर खुर्ची टाकून बस. पगार तोच."

पगार तोच, हेच धोंडिरामला जास्त झोंबलं.

पुढच्या शनिवारी दोघं पुन्हा वाकले. मगर वीतभर उठली आणि बसली. दुसऱ्यांदा तेवढीही उठली नाही. तेवढ्यात खारदांड्याची सगुणा कोळीण मासळीची पाटी घेऊन फाटकातून आत आली. मिलमधल्या अर्ध्या चुली तिच्या बोंबलांवर चालायच्या. पाटी उतरवून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो दादा, काय कुस्ती खेळताव काय तिच्याशी?"

"तू तुझे बोंबील बघ गं," अंबादास खेकसला.

"बघते ना! आमची होडी रेतीवर असते, तिला काय डोक्यावर घेऊन पाण्यात नेतो आमी? खाली गोल लाकडं टाकून सरकवतो. उरलं तं भरती येते न् घेऊन जाते."

"इथं भरती कुठून आणू?" धोंडिराम म्हणाला. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अंबादास, फावडं आण. मगर वर जात नाही ना? ट्रॅक्टर खाली आणू."

पुढच्या दोन चाकांपुरते दोन उतरते चर खणले. ट्रॅक्टर नाक खाली घालून त्यात उतरला, पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखा. मगरीखाली गोल लाकडं सारली. मिलमध्ये त्यांना काय तोटा? अंबादासनं एका हातानं ढकलली तशी ती सरकत येऊन बरोबर भिडली. पिना खट् खट् आत.

आता मागं घेतला की ट्रॅक्टर स्वतःच तिला उचलणार. धोंडिरामनं बटणं लावली, रिव्हर्स टाकला. आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर! पुढं ओझं, मागं हलकं. एव्हाना चंद्रप्रकाश येऊन उभा होता. धोंडिरामच्या कपाळावर घाम.

"होडीसारखं नाळेला, नाकाला जड झालं!" सगुणा ओरडली. "मागं वजन टाका!" आणि कुणी काही म्हणायच्या आत पाटीसकट मागच्या दांडीवर चढून बसली. "हाकला दादा!"

चाकांनी माती धरली. ट्रॅक्टर गुरगुरला, हलला आणि मगर, सगुणा, पापलेटं सगळ्यांना घेऊन सपाट जमिनीवर आला.

चंद्रप्रकाश हसून हसून लाल झाला. "चावी तुझ्याकडंच राहू दे रे," तो म्हणाला. "पण या बाईंचं नाव मस्टरवर लावायचं का?"

"मेल्यांनो, भुसा उडवायच्या आधी मला उतरू द्या!" सगुणा पाटीवर पदर पसरत किंचाळली.

पुढच्याच आठवड्यात धोंडिरामनं वाळूची दोन पोती भरून मागं बांधली. काम चोख झालं. पण दर शनिवारी फाटकापाशी सगुणाची आरोळी ऐकू आली, की तो हळूच पोती सोडून खाली ठेवायचा आणि चाकांकडे बघत, चेहरा पाडून उभा राहायचा.