चूळ भरू नये

आमचे हे सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला आहेत. दिवसभर काळी धूळ नाकातोंडात घेऊन येतात, हातपाय धुतले की बेसिन काळं होतं. अशा माणसाला भीती कशाची वाटावी, तर टूथपेस्टची.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, इथल्या हिंदी शाळेत जाऊन हिंदीच बोलायची. तिच्या समोरच्या दोन नव्या दातांवर, हिरड्यांना लागून, खडूसारखे पांढरे डाग दिसायला लागले. दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ही कीड लागण्याची सुरुवात आहे, पण अजून खड्डा पडलेला नाही. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते दाताच्या वरच्या कवचातले क्षार ओढून नेतं. लाळ ते क्षार पुन्हा भरत असते. पेस्टमधलं फ्लोराईड त्या कामाला जोर देतं आणि भरून आलेला भाग जास्त टणक करतं. पण त्यासाठी ते दातावर राहायला हवं. म्हणून घासून झालं की नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. एकदा खड्डा पडला की कुठलीही पेस्ट तो बुजवत नाही, मग मशीन लावावीच लागते. मशीन बघूनच पोरगी माझ्या ओढणीत शिरली होती.

घरी फ्लोराईड हा शब्द काढला आणि ह्यांच्या अंगात आलं. लगेच मोबाईलवर व्हिडिओ. कुठल्याशा गावात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडने लोकांचे दात खराब झालेले, हाडं वाकडी झालेली.

"हे पाह्य. अन तू हेच जहर पोट्टीच्या तोंडात घालून राहिली!"

"ते लोक वर्षानुवर्षं ते पाणी पीत होते. इथं वाटाण्याएवढी पेस्ट, अन तेही थुंकायची. गिळा म्हणून कोण म्हणते?"

"मले नको शिकवू."

शिकवायला समोर डोकं लागतं. हेच गृहस्थ गोल बाजारातून स्वतःसाठी गुडाखूची डबी आणतात, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा, आणि अंगणात उकिडवे बसून बोटाने हिरड्यांवर चोळत राहतात. त्यात मात्र केमिकल नाही, कारण ते आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय! मी बोलायचं सोडलं नाही, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस अचानक म्हणाले, बरं, लाव तुझी पेस्ट. मला वाटलं, उशिरा का होईना, अक्कल आली. सकाळी मी डब्यांच्या घाईत असायची, त्यामुळे मुलीचे दात घासून घेणं ह्यांच्याकडेच होतं. चूळ भरू देऊ नका, हे मी बजावून सांगितलं होतं.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. एका दातावरचा डाग तसाच होता, तो अजून भरून येण्यासारखा होता. दुसऱ्यात खड्डा पडला होता. त्यांनी विचारलं, चूळ भरत होती का?

"पापा रोज कराते थे ना," मुलगी म्हणाली. "नमक वाले पानी से. जब तक पेस्ट का टेस्ट पूरा न चला जाए."

नुसत्या चुळीमुळे खड्डा पडत नाही, गोड खाणंही असेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी ते कानाआड केलं. घरी येऊन ह्यांना विचारलं, काहून असं केलं?

"अवो, तोंड धुतल्याबिगर माणूस चहा पेते का? जनावर हाय का ते?"

एवढंच. पश्चात्ताप नाही, काही नाही. मला त्या क्षणी ह्यांच्याकडे बघायचीसुद्धा किळस आली.

खड्डा भरायच्या दिवशी हे बरोबर आले. हातात घरून आणलेली पाण्याची बाटली, मशीन झाल्यावर पोरीला चूळ भरायला! बाहेर बाकावर बसले. आत मुलगी माझा हात घट्ट धरून रडायला लागली. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "पापा को बुला लें, बेटा? दूसरा हाथ वो पकड़ लेंगे."

दार उघडंच होतं. हे उठून उंबऱ्यापर्यंत आले.

"नहीं," मुलगी म्हणाली. "पापा को मत बुलाओ. पापा को कुछ नहीं आता."

इतक्या महिन्यांत मी काय काय बोलले, त्यातलं एकही ह्यांना लागलं नव्हतं. हे लागलं. ते तसेच मागे फिरले आणि बाकावर जाऊन बसले.