रत्नमाला रामटेके आणि अडून बसलेली डिस्क

भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत डॉ. केशवराव चोपकरांचं तपासणी केंद्र आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त-लघवी, सगळं एकाच जागी. त्या केंद्राच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, आणि तिची किल्ली तेवीस वर्षं एकाच बाईच्या पर्समध्ये आहे. डॉक्टरसाहेबांना स्वतःच्या कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत, पण या किल्लीची त्यांनी कधी चौकशी केली नाही. बाईंचं नाव रत्नमाला रामटेके. वय पन्नाशीला टेकलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ओठांच्या कोपऱ्यात असं हसू की समोरच्याला वाटावं, आपली काहीतरी चूक हिला कळलेली आहे. बहुतेक वेळा कळलेलीच असते.

बाईंचं गाव पवनीकडचं कोंढा. वडील जीवनराव तलावाचे पाटकरी, म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या धानाच्या बांधीत पोचवणारा माणूस. पाणी आलं नाही म्हणून कोणी बोंबलत आला की जीवनराव त्याच्या बांधीवर जात नसत. तलावाच्या तोंडाशी जात आणि तिथून पाटापाटानं खाली चालत येत. कुठे म्हशीनं पाट तुडवलेला असे, कुठे शेजाऱ्यानं रात्रीतून हळूच फोडलेला. जे सापडेल ते वेळ घालून वहीत लिहीत. लेकीनं बापाकडून दोनच गोष्टी घेतल्या, ते चालणं आणि ती वही. वहीत तीन रकाने: वेळ, लक्षण, कारण. तिसरा रकाना भरल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा जीवनरावांचा नियम.

भंडाऱ्यात ती आली टायपिंग शिकायला. क्लासात कोपऱ्यात एक कॉम्प्युटर फडकं पांघरून बसलेला असे. एका मासिकासोबत फुकट आलेली, लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची सीडी मास्तरांनी कपाखाली ठेवायला घेतली होती, ती रत्नमालानं मागून घेतली. पुढे लग्न झालं, नवरा एसटीत कंडक्टर. लोक सांगतात, तो सकाळी गाडी घेऊन नागपूरला जाऊन परत येईपर्यंत ही बाई घरातलं मशीन तीनदा पाडून तीनदा उभं करायची, आणि वरण तेवढ्यात दोनदा करपायचं. वरणाचं खोटंही असेल. मशीनचं खरं आहे.

केंद्राच्या मागच्या खोलीतला सर्व्हर त्या शिकण्यातूनच उभा राहिला. सगळ्या पेशंटांचे फोटो, रिपोर्ट त्यात. अकरा वर्षांत त्यानं कोणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. आणि यंदा लग्नसराई सुरू झाली तसं त्याला काय झालं कोणास ठाऊक. सोनोग्राफीचा फोटो उघडायला सांगितला की पडद्यावर गोल फिरत राही. पेशंट ताटकळे, डॉक्टर चिडे. मग आपोआप सगळं सुरळीत, आणि तासाभरानं पुन्हा तेच.

अशा वेळी घरचा शहाणा धावून येतोच. डॉक्टरांचा भाचा विक्की नागपूरहून आला, पायात पांढरे बूट, हातात फाइल. मशीन जुनाट झालं, सगळं उचलून पुण्यातल्या भाड्याच्या मशीनवर टाकायचं, असं त्यानं मामाला पटवलं. पुण्यातली कंपनी त्याच्याच मित्राची होती, हे त्यानं सांगितलं नाही. गल्लीला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. डॉक्टर पेचात पडले. बाईंना बोलावून, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "रत्नमालाबाई, शनिवारी पाच वाजेपर्यंत दुखणं सापडलं तर ठीक. नाही तर किल्ली विक्कीकडे द्या. तुम्ही समोर टोकनच्या काउंटरवर बसा, पगार तोच राहील."

पगाराचं ऐकून बाईंना जास्त लागलं. पण तोंडावर दाखवलं नाही. "पाचची कायले वाट पाहता, साहेब," त्या म्हणाल्या, "तुमचा चार वाजताचा चहा व्हायच्या आत सांगतो." आणि सोमवारपासून पाटापाटानं चालायला लागल्या.

पहिल्यांदा तलाव पाहिला. मशीनवर कामांचा ढीग साचलेला दिसत होता, पण मशीनचा मेंदू रिकामा बसून होता. म्हणजे काम जास्त नव्हतं. कामं रांगेत उभी होती, डिस्कवरून काही यायची वाट पाहत. ही अडलेली कामं मोठी चमत्कारिक असतात. हाक मारा, ओ देत नाहीत. मारून टाकायला जा, मरत नाहीत. डिस्कनं उत्तर दिल्यावरच हलतात. सर्व्हरची स्वतःची नोंदवहीही तेच रडगाणं गात होती: अमुक काम एकशेवीस सेकंदांहून जास्त वेळ खोळंबलेलं आहे.

मग पुढचा पाट. डिस्क भरली का? अर्धी रिकामी होती. बारीक बारीक फाइलींची संख्या हाताबाहेर गेली का? नाही. भरदुपारी कुठली नक्कल, म्हणजे बॅकअप, निघते का? ती पहाटेच निघून जाते. डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढला तर तो डॉक्टरांच्या स्वतःच्या अहवालापेक्षा चांगला. तरी बाईंनी वायर बदलली, वीज पुरवणारा डबा बदलला, एक डिस्कसुद्धा नवी घातली. दुखणं जागच्या जागी.

बुधवारी विक्की दारात टेकून म्हणाला, "मौशी, हार्डवेअर बदलून बदलून आता खोलीच बदलता का?" बाईंनी हसून त्याला चहा पाजला. अशा पोरांना चहा पाजलेला बरा, तेवढा वेळ तोंड बंद राहते.

पण त्या नव्या डिस्कनंच गोष्ट पुढे नेली. सर्व्हरमध्ये डिस्क दोन, एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर. आता एक जुनी आणि एक कोरी, आणि दोघी एकाच क्षणी अडत होत्या, एकाच क्षणी सुटत होत्या. दोन सवती एकाच वेळी रुसल्या तर कारण नवऱ्यात शोधावं, तसं हे. दुखणं डिस्कमध्ये नव्हतं. बाहेरून येत होतं.

बाईंनी मशीनला दर सेकंदाची नोंद ठेवायला लावली आणि ती वहीत उतरवली. सकाळी अकरापासून दीडपर्यंत डिस्क रखडते. दीड ते तीन एकदम साफ. तीन ते सहा पुन्हा रखडते. पेशंटांच्या गर्दीचं म्हणावं तर गुरुवारी नागपूरचे डॉक्टर येतात, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकी गुरुवारीच डिस्क लोण्यासारखी चालली होती.

शुक्रवारी दीडला बाईंनी डबा उघडला. पहिला घास घेतला आणि थांबल्या. सर्व्हरच्या पंख्याचा आवाज येत होता. अकरा वर्षांची ओळख त्या पंख्याशी, पण सकाळी तो ऐकू येत नव्हता, आत्ता येत होता. मग मघाशी काय वाजत होतं?

शेजारी गोदावरीबाई कासारांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. मधे एकच भिंत. लग्नसराईत आंदणाचे गुंड, म्हणजे पाण्याचे मोठे पितळी हंडे, घडायला येतात. ते मठारायचे, म्हणजे अंगभर हातोडीचे ठोके देऊन चमक आणि ताकद आणायची. गोदावरीबाईंचा लेक इश्वर भिंतीलगत रोवलेल्या लोखंडी खुंट्यावर गुंड चढवतो आणि दिवसभर ठोकतो. जेवायला दीड ते तीन. गुरुवारी दुकान बंद. या गल्लीत जन्म गेलेल्या माणसाला ते ठोके ऐकूच येत नाहीत.

पण ठोके तर चाळीस वर्षांचे. डिस्क यंदाच का अडावी? बाईंनी मान वर केली आणि हातातला घास डब्यात ठेवला. सर्व्हरचं कपाट त्याच भिंतीवर छातीच्या उंचीला लोखंडी फळीवर टांगलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात वैनगंगेचं पाणी गल्लीत घुसलं, तेव्हा सगळ्या भंडाऱ्यानं केलं तेच केलं: मोलाची वस्तू उचलून उंच ठेवली. फळी ठोकताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून "आणखी पक्की ठोक, भाऊ" असं म्हणणारी बाई कोण होती? रत्नमालाच होती.

डिस्कच्या आत तबकडी गरागरा फिरते आणि तिच्यावर केसाहून बारीक रेघेवर एक सुई तरंगते. भिंत हादरली की सुई रेघेवरून ढळते, आणि पुन्हा बसायला तबकडीच्या पुढच्या फेऱ्याची वाट पाहते. तोवर पुढचा ठोका. सुईनं तरी काय करावं?

बाईंनी पाण्याचा पेला फळीवर ठेवला आणि तीन वाजायची वाट पाहिली. तीनला पाण्यावर वर्तुळं उठली. त्यांनी उरलेला डबा खाल्ला.

शनिवारी साडेतीनला त्यांनी डॉक्टरांना आणि विक्कीला खोलीत बोलावलं आणि आधी स्वतःची फळी कबूल केली, मग शेजारच्या ठोक्यांचं सांगितलं. विक्की खळखळून हसला. हातोडीनं कॉम्प्युटर बंद पडते हे नागपुरात सांगितलं तर लोक मामाले हसतील, म्हणाला. हा सगळा योगायोग.

"मंग तूच ठोक," बाई म्हणाल्या. "तुह्या मनात येईल तवा. मी इथं कशालेच हात नाही लावत. साहेब घड्याळ पाहून वेळ लिहितीन, मशीन तिची वेळ लिहील. मंग दोन्ही कागद जुळवू."

मंडळी शेजारी गेली. गोदावरीबाईंचा आधी पारा चढला. त्यांच्या सासऱ्यानं ठोकलं, नवऱ्यानं ठोकलं, तेव्हा कोणाचं काही बंद पडलं नाही, असं त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. पण विक्कीच्या हातात हातोडी जाणार हे कळल्यावर त्यांना गंमत वाटायला लागली. इश्वरनं खुंट्यावर एक चकचकीत गुंड चढवून दिला आणि बाजूला होऊन तंबाखू मळत बसला.

विक्की हुशार. चार ठोके मारी, थांबे, मधेच दोन मिनिटं गप्प बसे, मग अचानक घाव घाली. डॉक्टर मन लावून वेळ लिहीत होते. सातव्या खेपेला विक्कीनं हात जरा जास्तच उगारला, आणि गुंडाच्या पोटाला वाटीएवढा पोचा पडला.

गोदावरीबाई गुंडाकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "बापू, हा बपेरा गावच्या पोरीच्या आंदणाचा होता. नाव घातलं आहे त्याच्यावर. आता घेऊन जा तुह्या घरी."

नाव होतं: चि. सौ. कां. गुंजन.

खोलीत परत येऊन दोन कागद शेजारी ठेवले. डॉक्टरांच्या सात वेळा, मशीनच्या सात वेळा. ठोके सुरू झाले की डिस्क अडलेली, थांबले की सुटलेली. सातव्या खेपेला तर मशीननं नोंदवलेली रखडपट्टी आठवड्यातली सगळ्यात मोठी होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे पुण्याला जायची गरज नाही," ते म्हणाले.

"पुणं कायले, साहेब? चार फूट सरकलं तरी होते." बाईंनी बोटानं खोलीचा मधला भाग दाखवला. "तिथं विटांचा ओटा बांधू, भिंतीले न लागता, छातीएवढा. वर सायकलच्या ट्यूबचा रबर. वैनगंगाही पोचणार नाही अन् इश्वरही."

विक्कीची फाइल डॉक्टरांनी विक्कीच्याच हातात दिली आणि बाईंकडे पाहिलं, या खेपेला पेपरवेट न शोधता. "किल्ली तुमच्याजवळच राहू द्या, बाई. आणि माझ्या कपाटाचीही एक तुमच्याकडे ठेवा. मला सापडत नाही."

तेवढ्यात चहा आला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. बाईंनी डॉक्टरांना ते बोटानं दाखवलं.

विक्की संध्याकाळच्या बसनं गेला. एका हातात फाइल, दुसऱ्या बगलेत गुंजनच्या नावाचा पोचा पडलेला गुंड. बस सुटायच्या आत गल्लीत बातमी पसरली की डॉक्टरांच्या भाच्याचं बपेऱ्याला जमलं, आंदणसुद्धा मिळालं. बातमी कोणी पसरवली हे विचारू नये. गोदावरीबाई त्या दिवशी दुकान लवकर बंद करून चार घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, एवढंच सांगता येईल.

सोमवारी ओटा बांधून झाला. मंगळवारी बाईंनी कपाट उतरवून त्यावर बसवलं आणि इश्वरला हाक मारून सांगितलं, "ठोक आता, होईल तेवढा जोरानं." त्यानं ठोकलं. पडद्यावरची रेघ सपाट राहिली. बाईंनी वही काढली, इतके दिवस रिकामा राहिलेला तिसरा रकाना पुढे घेतला, आणि त्यात लिहिलं: लग्नसराई. मग पान उलटलं.