तीन बोटं

नागपूर स्टेशनच्या फलाटावर आई मला लोणच्याच्या बरणीबद्दल बजावत होती. "झाकण घट्ट लावजो, तेल सांडते." मामा बॅगेच्या साखळीला कुलूप कसं घालायचं ते शिकवत होता. बाबा डबा कोणता ते पुन्हापुन्हा विचारत होते. संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती आणि आम्ही चौघं इतक्या फालतू गोष्टी बोलत होतो की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी चार दिवस लग्नाला चालली आहे. खरा विषय कोणीच काढत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांच्या तोंडातून तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट मिळणार होता. आणि त्याच दिवशी मला मुंबईच्या डेंटल कॉलेजात हजर व्हायचं होतं, नाहीतर सीट गेली.

गाडी हलली तसे बाबा खिडकीशी आले. "माह्या तोंडाचा इचार नको करू. आपलं पाहाय," म्हणाले आणि मागे सरले. मला त्यांचा भयंकर राग आला. आपलं पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, हेच तर मला कळत नव्हतं.

तुमच्यातले जे नागपुरात राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्या दोघांनाही ठाऊक आहे की आपल्याकडे 'डॉक्टर' म्हणजे एमबीबीएस. बाकी सगळे कंपाउंडर. मी एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती. एमबीबीएस थोडक्यात हुकलं, बीडीएस लागलं, आणि तेही नागपूरचं नाही, मुंबईचं. आता एकतर ते घ्यायचं, नाहीतर अजून एक वर्ष त्याच क्लासच्या त्याच बाकावर बसायचं. आई आणि मामा दोघंही बाकाच्या बाजूने होते. "दातवाला म्हणजे अर्धा डॉक्टर," मामा म्हणायचा. "कोणाच्या छातीले नळी लावता येते काय त्याले?"

मामा हा आमच्या वस्तीचा उत्साही माणूस. निकाल लागला त्या आठवड्यात त्याने चौकात फ्लेक्स लावून टाकला. माझा फोटो पासपोर्टएवढा, मामाचे आणि त्याच्या मित्रांचे हात जोडलेले फोटो त्याच्या दुप्पट, आणि मजकूर: 'एमबीबीएसला नंबर लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मी कडाकडा भांडले. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "बीडीएस छापलं असतं तं लोकायले वाटलं असतं का कोणता डिप्लोमा होय. अन पुढच्या साली लागतेच नं तुले!" तेव्हापासून येणारा-जाणारा मला "जयभीम, डॉक्टर!" म्हणायचा आणि मी दूध आणायलासुद्धा मागच्या गल्लीने जायची.

त्याच दिवसांत एका सकाळी मामाने आलूबोंडे आणले. सगळे खात होतो. बाबांनी आपला बोंडा तळहाताखाली दाबून पापडासारखा चपटा केला, मग त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सरकवला. तर्रीच्या तिखट रश्श्याला हातही लावला नाही. हे मी रोज बघत असणार. त्या दिवशी दिसलं, एवढंच. "बाबा, तोंड उघडा बरं." "काहून?" "उघडा नं." त्यांनी उघडलं, आणि मला वाटलं ते मस्करी करून राहिले आहेत. जेमतेम चमचा जाईल एवढी जागा.

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. कंपनीच्या बसची मागची सीट म्हणजे त्यांचं दुसरं घर. तिथे प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू, सुपारी, चुना घोटून खर्रा तयार होतो आणि सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. एकाने घोटायचा आणि सगळ्यांनी खायचा, हा तिथला रिवाज. समोर आलेल्या खर्ऱ्याला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हणणं. बाबांनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

मी आणि आईने त्यांना ओढतच सरकारी ओपीडीत नेलं. तिथली इंटर्न माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "काका, तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," ती म्हणाली. बाबांचं एक गेलं, दुसरं अडलं. इकडे बाकावर आईने आपली तीन बोटं घालून पाहिली, मी पाहिली, शेजारच्या अनोळखी बाईनेही पाहिली. आमची जात होती. इंटर्नने छोटा आरसा आत घातला, गालाच्या आतल्या बाजूला टॉर्च धरला आणि तिचा चेहरा बदलला. आतला एक पांढरा डाग तिला पसंत पडला नव्हता. त्याचा तुकडा तपासायला गेला.

आमच्या घराने कित्येक वर्षांत जे पाहिलं नाही ते त्या मुलीने एका आरशात पाहिलं. मला तिच्यासारखं व्हावंसं वाटलं. एमबीबीएस सोडून दुसरं काही व्हावंसं वाटण्याची ती पहिलीच वेळ, आणि मी घाबरून गेले. तिसऱ्यांदा त्या बाकावर बसायची माझी छाती नव्हती हेही खरंच. कुठलं कारण किती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही. मी डेंटलला जाते म्हटल्यावर सगळ्यात जास्त बाबाच भडकले. माझ्यावर नाही, आईवर. "माह्या थोबाडापायी पोट्टीनं अर्धी डॉक्टर व्हावं काय?" दोन दिवसांनी आईने इतवारीच्या बाजारातून स्टीलचे डबे आणले आणि माझ्या बॅगेत भरले. तोच तिचा होकार समजून मी गाडीत बसले.

मुंबईला कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये लाइन लागली होती. लाइन मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि माझं सगळं लक्ष फोनवर. दुपारी आईचा मेसेज आला. इंग्रजी रिपोर्टचा फोटो, आणि खाली एवढंच: 'हे काय होय सांग.' मला तरी काय कळणार? 'डिस्प्लेझिया' हा शब्द मी तीनदा वाचला. लाइन लावून देणारी एक सीनियर मुलगी होती, तिच्यासमोर फोन धरला.

"कोणाचा आहे?"

"बाबांचा."

"खर्रा खातात?"

"तुम्हाले... तुम्हाला कसं कळलं?"

"रिपोर्ट नागपूरचा आहे. तुमच्याकडचे पेशंट येतात ना इथे." तिने रिपोर्ट पुन्हा वर-खाली केला. "कॅन्सर नाहीये. पण पेशी बिघडायला लागल्यात. आजपासून बंद केलं तर थांबू शकतं. खात राहिले तर कोणी सांगावं." तिने फोन माझ्या हातात दिला आणि पुढच्या मुलाकडे वळली.

तेवढ्यात मामाचा फोन. "वापस ये, पोट्टी. बापाजवळ राह्य. घरूनच अभ्यास कर, पुढच्या साली एमबीबीएस पक्कं." पहिल्यांदाच मला मामाचं म्हणणं पटत होतं. खिडकीवर एकदा ओरिजिनल कागद दिले की मागे फिरणं सोपं नव्हतं, आणि माझ्यापुढे आता दोघंच उरले होते. मी बाबांना फोन लावला. ते दुपारच्या शिफ्टला निघाले होते. मागच्या सीटवरचं हसणं-खिदळणं ऐकू येत होतं. सीनियरने सांगितलं ते मी एका दमात सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, मी येऊ काय वापस?"



"तू लायनीत हायेस काय?"

"हो."

"मंग लाइन सोडू नको. मी समोर जाऊन बसतो."

मला वाटलं, मागे गोंगाट आहे म्हणून पुढे जात असतील. फोन कट झाला आणि खिडकीतल्या बाईने हात पुढे केला. मी कागद दिले. ती लगेच शिक्का मारून मोकळी झाली.

समोर जाऊन बसणं म्हणजे काय, हे मला दिवाळीत घरी गेल्यावर आईकडून समजलं. त्या दिवशी बाबा मागची सीट सोडून ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर जाऊन बसले, ते आजही तिथेच बसतात. दोस्त म्हणाले, पोरगी डॉक्टर काय झाली, हा साहेब झाला. काहींनी बोलणंच टाकलं. मी इथे होस्टेलच्या मेसमध्ये तर्री नसलेले पिवळे पोहे गिळत होते, 'मले' म्हटलं की मुली हसतात म्हणून 'मला' घोटत होते, आणि तिकडे बाबा खिडकीबाहेर बघत हिंगण्यापर्यंत एकटे जात होते. आमच्या घरातून त्या वर्षी दोघं परक्या ठिकाणी राहायला गेले. माझं बस्तान तरी लवकर बसलं. ते मध्ये दोनदा मागच्या सीटवर जाऊन आले. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या ओठांच्या कडेला लागलेल्या खर्ऱ्यावरून मला कळलं आणि मी फोनवर त्यांच्याशी नळावरच्या बाईसारखी भांडले.

आता इथे मुंबईत मीच ओपीडीत बसते. कधी एखादा माणूस समोर येऊन म्हणतो, "मॅडम, माहं तोंडच उघडून नाही राहिलं," आणि मी नकळत विचारते, "कोणतं गाव, भाऊ?" मामाचा फ्लेक्स हिवाळ्यात आमच्या कूलरवर पांघरलेला असतो. वस्तीत कोणाची दाढ दुखली की मामाच मला फोन लावून देतो, पण ओळख करून देताना अजूनही एमबीबीएसच म्हणतो. मी नाद सोडला आहे.

बाहेर पडलेले आपण सगळे घराच्या नावाने काही ना काही जपतो. मला विचाराल तर घर म्हणजे बाबांचं ते अर्धवट उघडणारं तोंड. दिवसभर परक्यांच्या तोंडात मी एकदाच बघते आणि पुढच्याला बोलावते. रविवारी व्हिडिओ कॉलवर मात्र बाबा तिकडे घरी खिडकीशी उजेडात खुर्ची घेतात, आई मोबाईल धरते, मी "आ करा" म्हणते. दोन बोटं जातात. तिसरं नखापर्यंत जातं आणि अडतं. मी आईला मोबाईल जवळ घ्यायला सांगते, डाग बघते, पुन्हा बघते.

"हाये नं तसंच?" बाबा विचारतात.

"तसंच आहे."

मग आई मोबाईल आपल्याकडे फिरवते आणि म्हणते, "जेवली काय वं?" आणि तेव्हा कुठे मला भूक लागल्याचं कळतं.