पंचरच्या दुकानातलं सार

औंढ्याहून सिद्धेश्वर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी स्कूटी पंचर झाली, तेव्हा मला या जिल्ह्यात येऊन सहा वर्षं झाली होती. मी मूळची कोकणातली, समुद्रापासून दहा मिनिटांवरच्या घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली ती इकडे, धरणाजवळच्या एका गावात. औंढ्यात खोली घेतली आणि रोजची ये-जा सुरू केली. नोकरीचं कळल्यावर आईने वाडीभर पेढे वाटले होते. पण मुलगी कुठे गेली हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. "तिकडे, नांदेडच्या अंगाक," एवढंच ती लोकांना सांगायची.

तो एप्रिलमधला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, मी निघाले आणि अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. गाडी ढकलत बरंच अंतर गेल्यावर पत्र्याचं एक दुकान दिसलं. बाहेर ट्रकच्या टायरांची चळत होती. सगळ्यात वरच्या टायरावर चुन्याने लिहिलं होतं 'पंचर'. आणि त्याखाली, नंतर कधीतरी सुचल्यासारखं, बारीक अक्षरात 'व जेवन'.

दुकानाचे मालक पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवून फिरवली आणि मान हलवली. "दोन ठिकाणी फाटली, म्याडम. टाईम लागन. काहून उन्हात उभ्या राहून राहिल्या? आत बसा. जेवण झालं नसंल तर जेवून घ्या."

भूक लागली होतीच. आत दोन टेबलं, एक बाकडं, भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. रबराच्या सोल्यूशनचा वास इतका होता की इथे जेवायचं कसं, असं वाटलं. पडद्यामागे स्वयंपाक चालला होता. तिकडून बाईचा आवाज आला, "रस्सा संपला म्हणून सांगा. ट्रकवाल्यांनी खाल्ला सगळा."

"मंग दुसरं जे हाय ते दे," चाचा बाहेरूनच म्हणाले.

पडद्यामागे एका लहान पातेल्याचं झाकण वाजलं. मग एक हात ताट ठेवून गेला. भात, आणि वाटीत केशरी रंगाचं सार, त्यात माशाचा एक तुकडा.

मी भात कालवला, घास घेतला आणि तशीच थांबले.

मासा धरणातला होता, रोहू. त्याची किंचित मातकट चव लपत नव्हती. पण सार? ओल्या नारळाचं वाटलेलं, कोकमाच्या सोलांनी आंबट केलेलं, आणि घास गिळल्यावर जिभेच्या टोकाला ती बारीक झिणझिण. तिरफळ! माशाच्या सारात पडणारं हे कोकणातलं फळ मराठवाड्यात मिळत नाही. पहिल्या वर्षी औंढ्याच्या किराणा दुकानात मागितलं होतं, तर दुकानदाराने त्रिफळा चूर्णाची डबी पुढे केली आणि "पोटाची तकलीफ हाय का?" म्हणून काळजीने विचारलं होतं.

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वहिनी चांगलं रांधते. पण दादाच्या मुलांना तिरफळ आवडत नाही, म्हणून ती घालत नाही. तिचं काही चुकत नव्हतं. मी मात्र दर सुट्टीत घरी जायची, पोटभर जेवायची आणि काहीतरी राहिलंच असं मनात घेऊन परत यायची. ते राहिलेलं मला हिंगोली जिल्ह्यात, पंचरच्या दुकानात मिळालं होतं.

हात न धुताच मी पडद्याशी गेले. तोंडातून आपसूक घरची बोली आली. "भाभी, तुमी ह्यात तिरफळां घातल्यात?"

चुलीसमोरच्या बाईने झटकन वळून पाहिलं. पन्नाशीची, सावळी, डोक्यावर ओढणी. हातातली भाकरी तशीच राहिली. "तुका कसा कळला? तू खंयची गो?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिचं गाव आमच्या गावापासून खाडीच्या पलीकडे, होडीने गेलं तर अर्ध्या तासावर. तव्यावरची भाकरी करपली. चाचा आत डोकावले आणि आम्हा दोघींना रडताना पाहून घाबरले. "काय झालं? मिर्ची जास्त झाली का?"

त्या दिवशी मी जे जेवले ते तिचं स्वतःचं जेवण होतं, हे मला नंतर कळलं. ती रोज दोन पातेली चढवायची. मोठ्यात गिऱ्हाइकांचा काळ्या मसाल्याचा जाळ रस्सा, लहानात तिच्यापुरतं सार. सुरुवातीला तिने सगळ्यांना सार वाढून पाहिलं होतं. एका ट्रकवाल्याने विचारलं, "भाभी, मच्छीत खीर टाकली का?" तेव्हापासून ते लहान पातेलं कोणाला दाखवलं नाही. नारळ ती औंढ्याला देवळासमोरच्या प्रसादाच्या दुकानांतून आणायची. सोलं आणि तिरफळं वर्षातून एकदा मावसभाऊ पार्सलने पाठवायचा.

मग दर शनिवारी मी तिथे जेवायला लागले. ट्रकवाले येत, मोटरसायकलवाले येत, हवा भरायची मशीन फटफटायची आणि आम्ही दोघी पडद्याआड आमच्या बोलीत बोलत बसायचो. तिची बोली आता निम्मी इकडची झाली होती. "तुका काय होया" म्हणता म्हणता मध्येच "करून राहिले" यायचं, आणि स्वतःचंच हसू येऊन ती तोंडावर ओढणी धरायची.

चाचा तरुणपणी कोकणात हायवेवरच्या टायरच्या दुकानात कामाला होते. तिथेच लग्न झालं. त्यांचे वडील आजारी पडले, तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून ते तिला इकडे घेऊन आले. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. दोन्ही मुली वसमतला दिल्या होत्या.

"एकदाही गेला नाहीत?" मी विचारलं.

"आई होती तोवर दोनदा गेले. मग कोणाकडे जायचं, बाय?"

मीही तोच प्रश्न घेऊन दर सुट्टीत गाडीत बसत होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी निघाले तेव्हा विचारलं, तुम्हाला काय आणू? तिने जराही विचार केला नाही. "तिसऱ्या." खाडीच्या चिखलातल्या त्या शिंपल्या. तासाभरात शिजवायच्या, खायच्या. त्या एवढा प्रवास कसा करणार? पण आणते म्हणाले. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरला, पनवेलला गाडी बदलली, तिथे पुन्हा बर्फ घेतला. परभणीला उतरले तेव्हा डब्यातून पाणी गळत होतं, आणि औंढ्याच्या एसटीत शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला.

भाभीने डबा उघडला. सगळ्या शिंपल्यांनी तोंडं उघडली होती. मेल्या होत्या.

"फेकून दे," चाचा म्हणाले, "बिमार पडशील."

ती उकिडवी बसून एकेक शिंपली उचलून बघत राहिली. शेवटी तिने डबा नाकाशी नेला, डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "सडला तरी खाडीचाच वास, बाय." मग मागच्या खड्ड्यात सगळं ओतून माती लोटली, हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "मी जाऊन येते."

जानेवारीत ती थोरल्या मुलीला घेऊन गेली. चाचांनी 'व जेवन'वर एक टायर आडवा टाकला. शनिवारी मी सवयीने तिथे थांबले. चाचांनी चहा केला, कडू झालेला.

"घरात आवाजच न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "सहा महिन्यांसाठी म्हणून आणलं व्हतं तिला. मीच बोललो व्हतो तसं. आता तिकडंच राहते म्हनली तर मी कोन्या तोंडानं नको म्हनू?"

"फोन केला का तुम्ही?"

"न्हाई. फोन केला तर तिला वाटंल, बलावून राहिला."

नवव्या दिवशी ती आली. शनिवारी मी गेले तेव्हा आडवा टायर काढलेला होता. जेवताना ती सांगत होती. माहेरचं घर दुसऱ्यांनी घेतलंय, पण त्यांनी अंगणात बसवून पाणी दिलं. ओहोटीला ती मावसबहिणीबरोबर गुडघाभर चिखलात उतरली, टोपलीभर तिसऱ्या काढल्या, रांधल्या, दोन वेळा जेवली.

"मग राहायचं ना अजून," मी म्हणाले.

तिने उरलेलं सार भातावर ओतलं. "तिथे सगळे मला हिंगोलीवाली म्हणत होते गो. हिंगोलीवाली आली, हिंगोलीवालीला चहा द्या. इथे सव्वीस वर्षं मी कोकणवाली. बसमध्ये बसले आणि म्हटलं, दोन्ही नावं माझीच. काय करणार?"

यंदा जिल्हा बदलीसाठी अर्ज मागवले. मी कोकणासाठी पहिल्याच दिवशी भरला, आणि तीन शनिवार तिला सांगितलं नाही. चौथ्या शनिवारी सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. "भरलास ते बरं केलंस. किती दिवस लागतात?"

"माहीत नाही. यंदा होईल, नाहीतर पुढच्या वर्षी."

"मग आज वाटण तू वाट," ती म्हणाली आणि खोवलेला नारळ माझ्यापुढे ठेवला.

आईने मला सार कधी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ती असताना विचारायची गरजच वाटली नाही. आता मी दर शनिवारी पाट्यावर बसते. भाभी वरून बघते. अजून बारीक, अजून. तिरफळं ठेचायची, वाटायची नाहीत. सोलं आधी घातलीस, मासा कडक होईल. पहिल्या वेळी सार फुटलं, दुसऱ्या वेळी खारट झालं. गेल्या शनिवारी बरं जमलं असं मला वाटलं. चाचा जाळ रश्श्याचे भोक्ते, पण त्या दिवशी मुद्दाम माझं सार घेऊन बसले. पूर्ण वाटी संपवली, हाताने दाढी पुसली आणि बायकोकडे बघत म्हणाले, "हिच्यासारखं न्हाई झालं, म्याडम. पण व्हईल."