फरशीखालचा आवाज

हवामानाचा अभ्यास करणाऱ्या त्या कचेरीत दोन कंपू होते. मातीवाले जमिनीत नळ्या ठोकून चिखल, पाणी, मीठ तपासायचे. माणसंवाले खाडीकाठच्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचे, पूर्वी पाणी कुठवर यायचं, ऊन कसं असायचं. काम संपेपर्यंत एकमेकांचं काही बघायचं नाही, निष्कर्षांत भेसळ नको, असा मुख्य बाईंचा दंडक.

माणसंवाल्यांत एक होती, तिला सगळे कानवाली म्हणत. मुलाखती ऐकून उतरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी ती आवाज धुवायची. पंखा, कुत्री, भांडी, सगळी खरखर यंत्राने काढून टाकायची आणि स्वच्छ शब्द तेवढे लिहायची. तिची स्वतःची आई त्याच काठावर एकटी राहायची. तिचीही मुलाखत झाली.

"फरशीखाली कुणीतरी चालतं गं," आई म्हणाली होती. "मला ने तुझ्याकडे."

"तुझं आपलं काहीतरीच! वयाचे भास, दुसरं काय," म्हणून लेकीने विषय संपवला. बघा आता, अख्ख्या काठाचं ऐकायला हिला पगार, आणि आईचं ऐकायला सवड नाही!

निष्कर्ष जुळवायच्या दिवशी मातीवाल्याने नकाशा पसरला. "या गल्लीत खारं पाणी फरशांना टेकलंय. भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं. लोकांना काहीच कसं जाणवलं नाही?"

कानवालीने ओळखलं, ही आईची गल्ली. तिने आईची न धुतलेली मुलाखत लावली. शब्दांच्या मागे काहीतरी ओलं, संथ हलत होतं. चुळूक. चुळूक. शेजारणीच्या मुलाखतीतही तेच. टोकाच्या घरातही तेच. सगळीकडे एकाच तालात. बोलणारी माणसं गप्प झाली तरी ते थांबत नव्हतं. हे सगळं तिने आपल्या हातांनी पुसलं होतं.

"आज मोठी भरती आहे," मातीवाला म्हणाला.

ती धावत सुटली. बाहेर लख्ख ऊन, गल्ली कोरडी ठणठणीत. दार उघडंच होतं. आत घोटाभर काळं पाणी, फरशांच्या सांध्यांतून गुपचूप वर येत होतं. चपला तरंगत होत्या. आई पाय वर घेऊन कॉटवर बसली होती. मांडीवर पिशवी, मुलाखतीच्या दिवसापासून भरून ठेवलेली.

"आई, चुकलं गं माझं," ती रडत म्हणाली.

आईने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. आता तरी ऐक."