ओटीचा नारळ

विमानतळावर माझी फसवणूक झाली. गेल्या खेपेला ज्या तपासणीतून माझे दोन नारळ बिनबोभाट सुटले, तिथंच या खेपेला एक नारळ अडवला. वर माझा अडवला त्याच वेळी मागच्या बाईचा सोडला. हे आधीच सांगून ठेवते. पुढं माझ्याबद्दल जे येईल ते वाचून कुणी ही मूळ तक्रार विसरू नये.

मी नाशिकची. मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. मालक गेले तेव्हा लेक शाळेत होती. दिरांनी सांगितलं, मळा आम्ही बघतो, तू घरात बस. मी बसले नाही. पहाटे फुलांच्या जाळ्या टेम्पोत टाकून स्वतः बाजारात जायला लागले. पहिली काही वर्षं व्यापाऱ्यांनी मला लुबाडलं, मग मी त्यांना सुटू दिलं नाही. आता माझी जाळी उतरली की जुना व्यापारी म्हणतो, "आली बघा. आता गप भाव सांगा, नाहीतर सकाळ जाईल भांडणात." माझं तोंड वाईट आहे, हे मला माहीत आहे. त्या तोंडानंच लेकीचं शिक्षण झालं आणि लग्नही.

लेक दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात असते. जावई तिथंच नोकरीला. विहीणबाई मूळच्या सटाण्याकडच्या, त्यांचं बोलणं अहिराणी वळणाचं, 'माझी'ला 'मनी' आणि 'आहे'ला 'शे'. या वेळी मी गेले होते ते नातीच्या बारशाला.

बारशाच्या दिवशी पाळण्यात नाव ठेवून झालं आणि बायकांच्या ओट्या भरायला सुरुवात झाली, तशी मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुणी सांगितलं नव्हतं. पायांना सवय आहे. आमच्या भावकीत मालक गेल्यापासून मला हळदीकुंकवाला बोलावणं नाही. लग्नाचे हार माझ्या मळ्यातले चालतात, मंडपाचा झेंडू मीच पाठवते, नवरीच्या वेणीचा निशिगंध मी निवडून देते. मंडपात मात्र मी मागच्या खुर्च्यांवर. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा राग येणंही थांबलं होतं.

मी पुऱ्या लाटायला घेतल्या होत्या. विहीणबाई ताट घेऊन आतच आल्या.

"लाटणं ठेवा खाली."

"अहो, तळण थंड होईल."

"होऊ द्या. पदर करा पुढं."

मला वाटलं, त्या विसरल्या. मी हळूच म्हटलं, "विहीणबाई, माझी नाही भरत."

"कोण म्हणतं? मी भरते ना!" आणि त्या घटकेला त्यांनी पहिल्यांदा मला तू म्हटलं. "तू मनी बहीन शे. पदर कर."

हाताला कणीक तशीच होती. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण घातला आणि हळदीकुंकवाची बोटं उमटवलेला नारळ वर ठेवला. लेक दारात उभी राहून रडत होती. मी तिला ओरडले, "रडतेस काय, पुऱ्या कोण तळणार?"

परतीच्या दिवशी जावई म्हणाले, "आई, नारळ मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत कधीकधी अडवतात."

"गेल्या वेळी तुमच्या दारचे दोन आणले, कुणी विचारलं का?"

"तेव्हा नाही विचारलं. आता विचारतील."

मोठ्या बॅगेत माझ्या चपला होत्या, तळाशी धुवायच्या साड्या होत्या. ओटी मी चपलांच्या शेजारी ठेवणार नव्हते. ती बॅग विमानाच्या पोटात कोण कशी फेकणार, तेही माहीत नव्हतं. ओटी घेतलेल्या बाईनं ती स्वतःच्या हातानं घरी न्यायची असते. देवापुढं ठेवायची, नारळ वाढवायचा, तांदळाचा भात करायचा. मी खण, तांदूळ, नारळ रुमालात बांधून हातातल्या पिशवीत ठेवले. गाडीत बसल्यावर मात्र आरशात कपाळाचं कुंकू दिसलं. निघताना विहीणबाईंनी परत लावलं होतं. मी पदरानं ते पुसलं. जावई पुढं बसले होते, त्यांनी बघितलं नसावं.

तपासणीत पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला निघाली. तरुण माणूस होता, हातात मोजे. म्हणाला, "ये बैग किसका है? नारियल है इसमें?"

"है."

"नारियल अलाउड नहीं है, मैडम."

"पिछली बार यहीं से दो ले गयी थी."

"पिछली बार का मुझे नहीं पता."

आता इथं माझं डोकं फिरलं. बाजारात भाव उतरतो, चढतो, पण उतरला तर सगळ्यांचा उतरतो. काल शेवंती चालली आणि आज चालत नाही, असं कुणी म्हणालं तर मी कारण विचारते आणि त्याला कारण द्यावं लागतं. मी तेच विचारलं. काल चालत होता तो आज का नाही? नारळ बदलला की तुम्ही बदललात? त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर कात्री होती, सुरी होती, लायटर होता. नारळ मला दिसला नाही. तेही मी सांगितलं, मोठ्यानं.

मागं रांग थांबली होती. माझ्या पाठीमागं हिरव्या बांगड्या भरलेली एक बाई होती, बोलण्यावरून आपल्याकडची. त्या माणसानं बाहेर काढलेल्या रुमालाची गाठ सुटून खण दिसत होता, नारळावरची बोटं दिसत होती. ती पुढं होऊन मला म्हणाली, "मावशी, ओटीचा आहे ना? सांगा की त्यांना. सोडतात."

तिनं त्या माणसालाही सांगितलं, "भैया, पूजा का है."

तो थांबला. मला म्हणाला, "पूजा का है क्या? तो मैं सर से पूछता हूँ."

एवढंच पाहिजे होतं. एक होकार. आयुष्यभर मी समोरचा अर्धं पाऊल मागं सरकला की लगेच ओळखते, आणि तो सरकला होता. पण त्या बाईची नजर माझ्या गळ्यावर आली, मग कपाळावर. तिच्या मनात काही वाईट नसेलही. मला तेवढ्यात आमच्या भावकीतल्या सगळ्या बाया तिच्या मागं रांगेत उभ्या दिसल्या. आणि माझ्या तोंडून निघालं,

"नहीं नहीं. पूजा का नहीं. खाने का है. चटणी का."

त्याच्या मोज्याला कुंकू लागलं होतं. त्यानं मोज्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

मग मी जे केलं ते सांगायलाही जीभ अडते. खोटं बोलले ते झाकायला मी सौदा करायला लागले. म्हटलं, इथंच फोडते, पाणी पिऊन टाकते, मग नुसतं खोबरं राहील. म्हटलं, अर्धा तुम्ही ठेवा, अर्धा मी नेते. कांद्याच्या गोणीवर बोलावं तसं मी विहीणबाईंनी पदरात घातलेल्या नारळावर बोलत होते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजी, पाटा-वरवंटा पण आणलाय का?" लोक हसले. मीही हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

"मैडम, छोड़ दीजिये या बाहर जाकर सामान में डालिये."

मोठी बॅग केव्हाच गेली होती. मी नारळ ट्रेमध्ये ठेवला. त्यानं उचलून बाजूच्या पेटीत टाकला. पेटीत आणखी बाटल्या होत्या, कुणाचं लोणचं होतं. नारळ खाली पडल्याचा आवाज आला. तांदूळ आणि खण त्यानं मला परत दिले.

विमानाची वाट बघत बसले होते, तर ती हिरव्या बांगड्यांची बाई माझ्या शेजारी येऊन बसली. पिशवी उघडून पाण्याची बाटली काढू लागली आणि पिशवीत मला नारळ दिसला. हळदीकुंकू लावलेला.

"हा कसा सुटला?"

"मी सांगितलं ना, ओटीचा आहे. त्यांचे साहेब आले, बघितला, म्हणाले जाऊ दे." मग जरा घुटमळून म्हणाली, "मला वाटलं तुमचाही तसाच. पण तुम्ही म्हणालात चटणीचा."

मी रुमालाची गाठ पुन्हा बांधायला घेतली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, हा घेता का? मला घरी गेल्यावर दुसरा मिळेल."

तिनं चांगल्या मनानंच विचारलं असणार. मी तिला झिडकारलं. "मला काय नारळाला तोटा आहे का?" म्हटलं. ती उठून दोन खुर्च्या पलीकडं बसली.

तेव्हा मात्र मला बसवेना. मी परत तपासणीच्या जागी गेले. आत सोडेनात, म्हणून दोरीच्या अलीकडूनच त्या मोज्यावाल्याला हाक मारली. माझा आवाज बाजारात या टोकाचा त्या टोकाला जातो. सगळ्यांनी माना वळवल्या.

"वो नारियल ओटी का था! मेरी ओटी का! मेरी भरी थी ओटी!"

तो जवळ आला. चिडला नव्हता, तेच वाईट. हळू आवाजात म्हणाला, "तब क्यों नहीं बोलीं? सर यहीं थे."

भाव पाडून मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मला माहीत आहे. चढून बोलणाऱ्याला काय, तेही माहीत आहे. याला मी नुसतं विचारलं, पेटी कुठंय? पेटी तोवर नेली होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. "नारळ वाढवला का? पाणी गोड निघालं ना?" मी म्हटलं, टेम्पो आलाय, मग बोलते. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी कामाचं नाव सांगितलं. ओटीचे तांदूळ खणात बांधून देव्हाऱ्याच्या फळीवर आहेत. एकट्या तांदळाचा भात करावा की नाही, ते मला कळत नाही, आणि विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागेल.

म्हणून माझी मागणी आहे. तो विमानतळ ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी समोर येऊन सांगावं: नारळ चालतो की चालत नाही? चालत नसेल तर माझे आधीचे दोन आणि त्या बाईचा एक कसा गेला? चालत असेल तर माझा पेटीत का पडला? पूजेचा म्हटलं तर सोडायचा आणि नाही म्हटलं तर फेकायचा, हा कुठल्या बाजारातला नियम? मला मोघम काही नको, भाव एक सांगा.

आणि दुसरी मागणी आमच्या भावकीतल्या बायकांकडं. त्यांच्या घरच्या लग्नांना मी इतकी वर्षं फुलं दिली. त्यांनी माझ्या ओट्यावर यावं, बसावं, आणि सांगावं, की माझी ओटी भरलेली असताना "चटणी का" हे शब्द माझ्या तोंडात कुणी घातले. मी चहा ठेवीन. पण सांगितल्याशिवाय उठू देणार नाही.